मागच्या जनेलावरची पेटी

सुतकाच्या घरी मान खाली घालून बसायचं असतं, आणि मोबाईल बघायलाही मान खालीच घालावी लागते. जयवंतच्या हे रविवारी दुपारी धाकू गावकरांच्या ओसरीवर बसल्यावर लक्षात आलं. लक्षात येताच त्याने मांडीवर टॉवेल पसरला.

टॉवेलाच्या आडोशाला कोल्हापुरात सेमीफायनल चालली होती. आवाज बंद. कुंभारवेस तालीम, म्हणजे त्याच्या पेठेचा संघ, एका गोलने पुढे होता. गोव्यात फुटबॉलला तोटा नाही. इथल्या लाटंबार्से गावच्या पोरांना पार पोर्तुगालच्या खेळाडूंचे नंबर पाठ. पण कुंभारवेस म्हटलं की तीच पोरं विचारत, "हे खंयचे रे?" कुठल्याच चॅनलवर कुंभारवेस दिसत नसे. दिसे ती फक्त मोबाईलवर, फुकट. त्यासाठी लागणारं वायफायही फुकट, घरमालक धाकूआजोबांचं. आजोबांच्या खाटेशेजारी मागच्या खिडकीत त्याची पेटी असे आणि खिडकीमागे जयवंतची भाड्याची खोली. त्या खोलीत मोबाईलला रेंज नव्हती, पण कुंभारवेसचा सगळा मोसम जयवंतने तिथेच गादीवर लोळत बघितला होता.

गुरुवारी आजोबा गेले. खाट काढली, तिथे दिवा लावला, आणि पेटी उचलून कुणीतरी पुढच्या ओसरीवर टांगली. जयवंतच्या खोलीत मोबाईलवर नुसतं चाक फिरू लागलं.

म्हणून तो भेटायला आला होता. तसा शुक्रवारीही येऊन गेला होता. पण शुक्रवारी मॅच नव्हती, त्यामुळे पाच मिनिटांत उठला होता.

माणसं येत होती, गप्प बसत होती, "येतो" न म्हणता उठून जात होती. जयवंत हलला नाही. शेजारचे बाबुराव त्याच्याकडे बघत राहिले आणि मग आजोबांच्या मुलाला, गोकुळदासला, जयवंतकडे बोट करून पुरेशा मोठ्याने म्हणाले, "पळय रे. भाडेकरू तो. आणि आमचे सोयरे? खुर्ची गरम जावचे आदींच उठतात."

समोरच्या खुर्चीवरचे एक सोयरे परत नीट टेकून बसले.

जयवंतला लाज वाटली. पण मॅचची शेवटची मिनिटं होती आणि कॉर्नर समोरच्या संघाला मिळाला होता, त्यामुळे त्या लाजेकडे त्याला पुरेसं लक्ष देता आलं नाही. चेंडू आला. कुंभारवेसचा गोली पुढे धावला, आणि धावताना चेंडू सोडून बाकी सगळ्यांना धडकला. बरोबरी.

"अरे देवा!" जयवंतच्या तोंडून हुंदकाच फुटला. "असं कसं गेलं रे!"

मग आतून एका बाईने सूर लावला, दुसरीने तो उचलला, आणि गेले तीन दिवस डोळे कोरडे असलेला गोकुळदास खांबाला धरून ढसाढसा रडू लागला. बाबुरावांनी टोपी काढली. जयवंत खरंच रडत होता. मोसमभराची मेहनत होती ती.

रडणं जरा ओसरलं तेव्हा दारात आजोबांची बायको, रुक्मिणीआजी, उभी होती. ती भिंत धरून येऊन त्याच्यासमोर, हातभर अंतर ठेवून बसली.

"रड, पुता," ती म्हणाली. "ह्या घरचे पुरुस आतापर्यंत रडले नाशिल्ले. तूं रडलो आणि सगळ्यांक वाट मेळ्ळी."

जयवंतने मान आणखी खाली घातली. टॉवेलाखाली पेनल्टी सुरू झाल्या होत्या.

"हांकां तुजी भारी माया." हे म्हणजे आजोबा. "खाटेर आयकत आसताले. तुजी आरड आयली की म्हाका विचारताले, कोणें मारलो गो गोल? हांवें कितें सांगचें?"

चार-चार. आता शेवटची पेनल्टी कुंभारवेसची.

"गोकुळदास कितले खेपे म्हणालो, ती पेटी भायर ओसरीर लावया. हे आयकनात. म्हणाले, ना. मागच्या जनेलारच आसूंदी. त्या पोराक फुटबॉल दिसूंदी."

कुंभारवेसचा सेंटर फॉरवर्ड चेंडू ठेवून चार पावलं मागे गेला. जयवंतने मोबाईल मांडीवर पालथा घातला.

"गेल्या आयतारा तूं मोठ्यान आरडलो," आजी म्हणाली. "तेन्ना हांणी परत विचारलें. कोणें मारलो म्हूण. तें शेवटलें विचारलें. मागीर तोंडच उगडलें ना." ती त्याच्याकडे वाकली. "कोणें मारिल्लो रे?"

टॉवेलाखाली मोबाईल थरथरला. कोल्हापूरहून कुणीतरी निकाल कळवत होतं. परत थरथरला, मग थांबला.

"आम्ही," जयवंत म्हणाला. मग मान न उचलता पुन्हा म्हणाला. "आम्हीच मारला होता, आजी."

आजीने मान हलवली. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि भिंत धरत आत गेली. आजोबांना कमी ऐकू यायचं. आतल्या खोलीत, दिव्यासमोर, ती नेहमीच्याच मोठ्या आवाजात त्यांना सांगत होती, "आयकलें न्ही? ह्या पोराच्यांनीच मारिल्लो."

ओसरीवर सगळे मान खाली घालून बसले होते. जयवंतच्या मांडीवर आता बघण्यासारखं काही नव्हतं. त्याला मान वर करता येईना.