चंपाषष्ठीचं भरीत

सुपडू पाटलांनी लेकीच्या, हेमांगीच्या ताटात चमचाभर भरीत वाढलं आणि इंजेक्शन हाताशी ठेवलं. लहानपणी भरताच्या एका घासाने तिचा घसा सुजला होता. पुढे फरसाणातल्या रंगानेही अंगावर गांधी उठायला लागल्या. चंपाषष्ठीला गावभर वांगी भाजली जायची, तेव्हा तिची आई दारं लावून घ्यायची.

आता आई नव्हती. पण दवाखान्यात हेमांगीच्या तोंडात आणि आतड्यात अन्नातली तिला न सोसणारी रसायनं खाऊन टाकणारे, प्रयोगशाळेत घडवलेले जंतू सोडले होते. आज पहिला घास खायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती.

"अप्पा, असे टक लावून बघू नका. घास उतरत नाही."

तिने घास खाल्ला. दोघं वाट बघत बसले. ओठ सुजले नाहीत, खाजही सुटली नाही. मग तिने तोंड वाकडं केलं.

"काय होतंय?" अप्पा ताडकन उठले.

"मीठच नाही हो यात! आई असंच करायची?"

"नाही गं. तिचं फार छान व्हायचं."

आजवर ती ताटासमोर बसली की "हे मला चालेल ना?" एवढंच विचारायची. जेवणाला नावं ठेवताना अप्पा तिला पहिल्यांदाच ऐकत होते.

त्यांनी मीठ आणून दिलं. तिने ते कालवलं, बोट चाटलं आणि ताट पुढे केलं.

"वाढा अजून."