सगळ्यांत कमी दराचा मेंढा

१९९४ साली इंदापूर भागातल्या सरकारी मेंढी केंद्रानं पैदाशीच्या मेंढ्यासाठी टेंडर काढलं. डाळजच्या भीमाचा मेंढा पंचक्रोशीत नावाजलेला, पण सगळ्यांत कमी दर बारामतीच्या एका ठेकेदाराचा निघाला. त्याचा मेंढा टेम्पोतून उतरला तसा भीमा ओरडलाच, "सायेब, ह्यो तर खच्ची केल्याला हाय!"

साहेबांनी कागद चाळले. "उंची, वजन, शिंगं बरोबर आहेत. तसली काही अट यात नाही."

वर्ष सरलं, चाळीस मेंढ्यांत एकीलाही कोकरू झालं नाही. पुण्याहून चौकशी समिती आली. मेंढा नियमानुसार घेतलेला, तेव्हा दोष मेंढ्यांचाच ठरला. वांझपणाचा दाखला देऊन त्यांचा लिलाव मांडला. कुणी बोलीच लावेना.

"मेंढ्यांत काय बी खोट न्हाय," असं सांगून भीमानं बायकोच्या, प्रयागबाईच्या पाटल्या मोडल्या, सगळ्या मेंढ्या घेतल्या आणि आपल्या मेंढ्यासोबत माळावर सोडल्या. सहा महिन्यांत त्याच्या दारात कोकरांचा नुसता कल्ला उठला.



आठवड्याभरात केंद्राचं पत्र आलं : "प्रमाणित वांझ मेंढ्यांना कोकरे झालीच कशी, याबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा."