तिरकी पट्टी

चारशे प्रवाशांची दोन विमानं एकाच उंचीवरून समोरासमोर येताना पडद्यावर दिसली, तशी मी एकाच्या नावाची कागदी पट्टी फळीवर तिरकी केली. धोका टळेपर्यंत पट्टी तिरकीच, हा आमच्या नियंत्रणकक्षाचा रिवाज. “हजार फूट वर जा,” मी त्या विमानाच्या वैमानिकाला सांगितलं. “हो, जातो,” तो म्हणाला. पुढच्या पाळीला आलेला माझा नवरा खुर्चीमागे उभा होता. “अगं, हो म्हणाला ना? कर पट्टी सरळ आणि ऊठ.” “हो तर तूही म्हणतोस.” पडद्यावरचा उंचीचा आकडा जागचा हलेना. मी वैमानिकाला हटकलं. “माफ करा, उंची लावली, बटण दाबायचं राहिलं!” आकडा चढू लागला. हजार फूट पुरे झाल्यावरच मी पट्टी सरळ करून उठले. “घरचा नळ दुरुस्त केलास?” “हो!” घरी नळ टपटपतच होता. मी भिंतीवरचा त्याचा फोटो तिरका केला.