साच्यातल्या वड्या

नम्रताची आई खजुराचे मुटके करायची, त्याला गॅससुद्धा पेटवावा लागत नसे. बिया काढलेला खजूर, अंजीर आणि काजू-बदामाची भरड तुपाच्या हातानं मळायची, मुठीत दाबायची, की झालं. प्रत्येक मुटक्यावर तिची चार बोटं उमटलेली असायची. हिंजवडीच्या ऑफिसात डबा उघडला की नम्रता ओशाळायची.

"आई, बोटांच्या खुणा दिसतात गं. कसंतरीच वाटतं."

"हातानं वळलेत, मग काय पायाच्या खुणा दिसणार?"

आई म्हणाली खरी, पण नम्रतानं बोहरी आळीतून आणलेला साचा तिनं दुसऱ्याच दिवशी वापरायला काढला. पुन्हा कधी मुटके वळले नाहीत, वड्याच पाडल्या. ऑफिसात सगळे विचारायचे, "कुठल्या दुकानातून आणल्यास?" नम्रता ते घरी येऊन कौतुकानं सांगायची आणि आईही हसायची.

आईचं तेरावं झाल्यावर बिबवेवाडीचं घर आवरताना फ्रिजमध्ये मागे सरकलेला शेवटचा डबा सापडला. नम्रता तिथंच फरशीवर बसली आणि एकेक वडी उजेडात धरून आईचं बोट शोधू लागली.



एकूण एक वडी दुकानातल्यासारखी गुळगुळीत होती.