सीताफळाच्या बिया

“मुडबीला पयल्यांदाच आलोय, रस्ता तूच दाव,” बसमधून उतरल्यावर तो म्हणाला होता. कॉलेजच्या थ्रिलरचा दिग्दर्शक तो. कॅमेरा माझा, लोकेशन आमचं घर. घरामागच्या शेताच्या बांधावर सीताफळ खात तो पहिला शॉट समजावत होता. “अंजू, खुनी तुरीत लपून पोरीच्या खिडकीकडं बघायलाय.” मी मोबाइल घेऊन डोक्याएवढ्या तुरीत शिरले. “इथून खिडकी दिसंना की!” “डावीकडं दोन पावलं सरक, खाली बस,” त्यानं बांधावरूनच सांगितलं. बसल्याबरोबर खोडांमधल्या फटीतून माझी खिडकी फ्रेममध्ये नेमकी मावली. टेकलेल्या हाताला काहीतरी लागलं. बसून बसून गुळगुळीत झालेल्या मातीत सीताफळाच्या बिया होत्या. काही चकचकीत, काहींना तर दोन पानं फुटलेली. “सापडली जागा?” तो मागं येऊन उभा होता. त्यानं अर्धं सीताफळ पुढं केलं. “घे की. घरातून इथलं कायच दिसत न्हाई.”