काढायची राहिलेली चावी

धाकटीने पुन्हा काहीतरी बदललं होतं. दादाने चहाचा कप बाजूला सारला आणि लॅपटॉप जवळ ओढला.

बदल तसा चिल्लर होता. स्क्रीनवरची अक्षरं थोडी मोठी केली होती, बस्स. म्हणजे पोरीचे डोळे दुखत असणार. डॉक्टरकडे जा म्हणून मागे लागायला तिथे आहे कोण?

घर सोडून गेल्यापासून तिचा फोन नाही की पत्ता नाही. बघायला उरली होती ती ही एवढीच फट. दोघंही भावंडं प्रोग्रॅमर, आणि तिला या धंद्यात आणली ती दादानेच. प्रोग्रॅमरची स्वतःची अशी सेटिंग्ज असतात. स्क्रीनचे रंग, शॉर्टकट, लांबलचक कमांडना ठेवलेली टोपणनावं. त्या फाइली रेपो नावाच्या ऑनलाइन साठ्यात ठेवल्या, की नव्या मशीनवर उतरवून घेता येतात आणि परकं मशीन घटकाभरात आपलं होतं. प्रत्येक बदल तिथे नोंदला जातो आणि त्यासोबत ओळभर टीप लिहायची असते. धाकटीचा रेपो दादानेच सुरू करून दिला होता आणि तेव्हाच आपल्या मशीनची चावीही त्यात घालून ठेवली होती, म्हणजे पासवर्डशिवाय तो केव्हाही उघडून बघता यायचा. जाताना बाईसाहेबांनी झाडून सगळे पासवर्ड बदलले, ही चावी मात्र काढायची राहिली. वेंधळी ती वेंधळीच. दादाला तिची मायाच आली.

सुरुवातीला हाताला फारसं काही लागलं नाही. दादाने धीर सोडला नाही. रोज सकाळी आधी रेपो, मग आंघोळ. एकदा नव्या ऑफिसच्या सर्व्हरचं नाव आलं, तेवढ्यावरून शहर कळलं. मग घरच्या वायफायची फाइल आली. घरमालकाने वायफायला इमारतीचं नाव आणि खोलीचा नंबर दिलेला, आणि धाकटीने तो जसाच्या तसा सेव्ह केलेला. दादा स्क्रीनकडे बघून हसला. इतकं शिकवलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आईला यातलं काही सांगायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. ती आधीच खचलेली. फोन हातात असला की रडत बसायची, म्हणून तो त्याने आपल्याकडे ठेवला होता. शेजारणी येऊन तिच्या डोक्यात नको ते भरवायच्या, त्यांचंही येणं हळूहळू बंद झालं. आता घरात कशी शांतता होती. आईचं औषध, जेवण, झोप, सगळं तोच बघायचा.

त्या गुरुवारी नवा बदल आला. मशीन सुरू होताच दिसेल अशी एक आठवण तिने स्वतःसाठी लिहिली होती: शनिवारी खोली सोडायची. शनिवारनंतर ती पुन्हा नाहीशी झाली असती. त्याने लगेच शुक्रवारची रजा टाकली आणि पहाटेच्या गाडीचं तिकीट काढलं.

रात्री ताट वाढताना त्याला राहवलं नाही.

"धाकटी सापडली," तो म्हणाला. "उद्या आणतो तिला."

आईचा घास हातातच राहिला. "राहू दे रे तिला तिथेच."

"तू यात पडू नकोस, आई. जेव."

आई जेवली.

पहाटे निघताना त्याने नेहमीप्रमाणे दाराला बाहेरून कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि जिना उतरला. गाडीत तो बोलायची वाक्यं मनात घोळवत होता. आधी गोडीत सांगायचं. गोडीत नाही ऐकलं तर हाताला धरून आणायचं, रडली-ओरडली तरी. मागच्या वेळी लोक मध्ये पडले आणि सगळा विचका झाला. या वेळी तो कुणाला मध्ये पडू देणार नव्हता.

दुपारी तो इमारतीत पोचला. तिसऱ्या मजल्यावर नंबर सापडला. त्याने शर्ट नीट केला आणि बेल दाबली. बेल वाजलीच नाही. त्याने दार ठोठावलं, मग धडका मारल्या. आवाजाने समोरच्या घरातले म्हातारे बाहेर आले. ही खोली कधीची रिकामीच पडलीय, त्यांनी सांगितलं. मध्ये एक मुलगी बघून गेली होती, दारावरच्या पाटीचा फोटोही काढला, पण घेतली काही नाही.

ते आत गेल्यावर दादा जिन्यातच बसला. त्याने लॅपटॉप काढला, फोनचं इंटरनेट जोडलं आणि रेपो उघडला.

नुकताच एक बदल आला होता. फाइलीत एक कोरी ओळ वाढवलेली, बाकी सगळं जिथल्या तिथे. त्याने खालची टीप वाचली.

'दादा, तू निघेपर्यंत आपल्या घरासमोरच उभी होते. कुलूप तोडावं लागलं. आईला घेऊन जातेय.'