ड-बारा खुर्चीची नोंद

हेमांगीने पट्टा मनगटावर बांधला. एकोणतीस वर्षांपूर्वी एका मैफलीत बाबांच्या शरीराला जे जाणवलं, ते तिच्या अंगात उतरू लागलं. त्या सभागृहातली प्रत्येक खुर्ची श्रोत्याची नोंद ठेवत असे. बाबा वारल्यावर हेमांगीने त्यांच्या ‘ड-बारा’ खुर्चीची नोंद मागवली होती. संगीतातलं त्यांना काही कळत नाही, असं घरात सगळेच म्हणत, तीही म्हणायची.

व्हायोलिन कन्सर्टोचा दुसरा, संथ भाग सुरू झाला. तिच्या हातांवर काटा आला. तो काटा बाबांचा होता.

नोंदीतल्या संध्याकाळी सात एकेचाळीसला मांडी दचकली. छातीत थोडी धडधड झाली, गुडघ्यांवर भार आला आणि सगळं थांबलं.

“नोंद तुटली का हो?” तिने विचारलं.

“नाही ताई,” सभागृहाच्या संग्रहातल्या तंत्रज्ञ नीलोफर म्हणाल्या. “पुढे खुर्ची रिकामी आहे. खिशातला फोन वाजलेला दिसतो. उठून गेले.”

त्या संध्याकाळी क्लास लवकर सुटला म्हणून हेमांगीनेच फोन केला होता. इस्त्रीचा झब्बा घालून स्कूटरवर न्यायला आलेले बाबा तिला आठवले. रिक्षाने सहज घरी जाता आलं असतं.

“पुढचं नुसतं व्हायोलिनचं ध्वनिमुद्रण लावू?” नीलोफरनी विचारलं. “ तिसऱ्या भागाला लोक उभे राहिले होते.”

“लावा.”

लय चढत गेली. टाळ्या थांबेनात. त्या वेळी बाबा कुठल्यातरी सिग्नलला थांबले होते, आणि मागे बसून ती विचारत होती, “एवढा उशीर का केलात?”